तासाभराचा मोर

"फॉरमॅट नका करू!"

बंगळूरच्या एसपी रोडवरच्या त्या चिंचोळ्या दुकानात माझ्या अगदी कानामागे कुणीतरी मराठीत ओरडलं, आणि मी अशी दचकले की काउंटरवरचा लॅपटॉप खालीच जायचा. दुकानदार गुरुराजअण्णांनी झडप घालून धरला म्हणून वाचला.

मराठी! एसपी रोडवर! इथे कन्नड कानावर पडतं, हिंदी पडतं, तमिळ पडतं. मराठी आम्ही येलहंक्याला घरात बोलतो, लग्नामुंजीत बोलतो... आणि फोनवर. हां, फोनवर! आत्ताच तर मी रडवेल्या आवाजात सांगत होते, "अप्पा, हे म्हणतात सगळं पुसायला पाहिजे. सगळं जाणार की हो!" ते या माणसानं उभ्या उभ्या ऐकलं होतं.

मी वळून पाहिलं. चष्म्यावर पावसाचे थेंब, हातात नवी केबल, आणि चेहरा इतका घाबरलेला, की ओरडले मीच असं कुणालाही वाटावं.

"सॉरी," तो म्हणाला. "मला मध्ये बोलायचं नव्हतं. पण... फॉरमॅटची गरज नाहीये."

"तुम्ही कोण?" मला राग तसाही लवकर येतो, आणि त्यात मी केव्हाची रडू आवरत उभी होते.

"आशय दातार. पुण्याचा. म्हणजे आता इथे महादेवपुऱ्यात असतो, कंपनीत."

"आणि लोकांचे फोन ऐकता?"

"मराठी ऐकू आलं की कान आपोआप वळतात हो," तो ओशाळून हसला. "इथे आठ-आठ दिवस ऐकू येत नाही."

हसला तेव्हा त्याचा एक दात किंचित पुढे आलेला दिसला. असल्या वेळी असलं काही दिसावं, याचा मला आणखीच राग आला.

गुरुराजअण्णांनी मात्र मान हलवली. विंडोजची खालची आवृत्ती हवी असेल तर पुसल्याशिवाय होणार नाही, असं ते कन्नडमधून ठासून म्हणाले. वर चढवता येतं, खाली उतरवता येत नाही. सगळ्या रस्त्यावर विचारून या.

"उतरवता येतं," आशय हळूच म्हणाला. "सहसा कुणी उतरत नाही, म्हणून वाट माहीत नसते."

आता माझी अडचण सांगते. मी ब्लाउजवर भरतकाम करते, मशीनवर. पाठीवर मोर, बाहीवर वेल, कमळं, दोन डोक्यांचा गंडभेरुंड पक्षी, जे नवरी मागेल ते. नक्षी लॅपटॉपवर काढायची, आणि माझं जुनं मशीन त्या लॅपटॉपवरून एकेक टाका विचारत विचारत शिवतं. ज्या प्रोग्राममध्ये मी नक्षी काढते, तो बनवणाऱ्या कंपनीनं हल्लीच गाशा गुंडाळला. प्रोग्राम एकदा पुसला गेला की पुन्हा चालू करून द्यायला त्यांच्याकडे आता कुणी फोनही उचलत नाही. माझ्या सगळ्या नक्ष्या फक्त त्यातच उघडतात.

आणि हे सगळं आमच्या रघुनंदनकाकांच्या कृपेनं. काका अप्पांचे धाकटे भाऊ, शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. गेल्या वर्षी लॅपटॉप अडखळायला लागला, तेव्हा म्हणाले, "घरगुती विंडोज कशाला वापरतेस गं? मोठ्या कंपन्या वापरतात ती घालून देतो. सगळ्यात वरची! फुकट मिळते!" फुकटच होती. पण तीन महिने चाखून बघायला दिलेली. काकांनी दोनदा मुदत वाढवून घेतली, तिसऱ्यांदा वाढेना. आणि मग एका दुपारी सिद्धीच्या लग्नाचा ब्लाउज मशीनवर असताना, गर्द जांभळ्या रेशमावर मोराची मान शिवून झालेली असताना, पडदा काळा झाला आणि लॅपटॉप बंद. पुन्हा लावला. बरोबर तासाभरानं पुन्हा बंद! पाठीवरचा मोर पुरा व्हायला दोन तास तरी लागतात. तासाभराच्या लॅपटॉपवर अर्धाच मोर होतो. सिद्धी माझी शाळेपासूनची मैत्रीण, आणि लग्न तोंडावर आलेलं.

"शनिवारी येऊ का?" आशयनं विचारलं. "येलहंक्याला?"

"इतक्या लांब? अनोळखी माणसाच्या घरी?"

"पोहे मिळतील का?"

"आमच्याकडे अवलक्की करतात," मी म्हटलं. "पोहेच असतात. पण तुमच्यासारखे नसतात."

"चालेल," तो म्हणाला. आणि मला का कोण जाणे, घरी जाईपर्यंत ते 'चालेल' ऐकू येत राहिलं.

शनिवारी तो खरंच आला! मेट्रो, मग बस, मग हेब्बाळच्या फ्लायओव्हरवर अडकून... घामाघूम. अप्पांनी त्याला नखशिखान्त न्याहाळलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "तुम्ही पुण्याहून कधी आलात?"

"दोन वर्षं झाली. आणि तुम्ही?"

"आम्ही?" अप्पांनी मिशीवर हात फिरवला. "आम्ही शहाजीराजांबरोबर आलो."

आशय बोटांवर शतकं मोजायला लागला. मी हसू लपवायला आत पळाले.

त्यानं मला सगळं नीट समजावून सांगितलं. कॉम्प्युटरच्या पोटात एक जागा असते, तिथे त्याची आवृत्ती कुठली ते लिहिलेलं असतं. तिथलं वरच्या आवृत्तीचं नाव खोडून साध्या घरगुती आवृत्तीचं लिहायचं. मग चालू कॉम्प्युटरमध्येच घरगुती विंडोजचं सेटअप लावायचं. ते तपासून बघतं, अरे, ही तर आपलीच आवृत्ती! मग विचारतं, फाइली आणि प्रोग्राम तसेच ठेवू का? हो म्हणायचं. झालं.

"म्हणजे फसवायचं?" मी विचारलं.

"फसवणूक कसली? हा लॅपटॉप दुकानातून आला तेव्हा याच्यासोबत घरगुती विंडोजच आली होती. तिची किल्ली अजून याच्या आत आहे. ती याच्या हक्काचीच आहे. मधल्या काळात हा उगीच मोठा साहेब झाला होता, इतकंच."

"पण अगोदर सगळ्याची प्रत काढून ठेवू," तो पुढे म्हणाला. "काही बिनसलं तर जसा होता तसा परत आणता येईल."

तर प्रत काढणं सुरू झालं. आणि तासाभरात लॅपटॉप बंद! तो पुन्हा लावेपर्यंत कॉफी. पुन्हा तास. पुन्हा बंद. मग कुरकुरीत निप्पट्टू खायला. मला त्या लॅपटॉपचा इतके दिवस संताप येत होता, आणि त्या शनिवारी मी चक्क त्याच्या बंद पडण्याची वाट बघत होते. तो बंद पडला की आशय खुर्ची वळवून माझ्याकडे तोंड करून बसायचा.

"तुमची मराठी गंमतशीर आहे," तो म्हणाला. "म्हणजे, गोड. मगाशी तुम्ही म्हणालात, 'स्वल्प साखर घालू?' आमच्याकडे स्वल्प फक्त पुस्तकात असतं."

"आणि तुमची? 'बॅकअप कम्प्लीट झाला की प्रोसेस स्टार्ट करू.' ही मराठी काय?"

तो इतका मोठ्यानं हसला की अप्पा बाहेरून डोकावले.

तेवढ्यात हवाई दलाच्या तळावरून विमान उडालं. आमच्या खिडक्या थरथरतात तेव्हा. आम्हाला सवय आहे, पण आशय दचकून उभाच राहिला, आणि मग आवाज विरेपर्यंत आम्ही दोघं नुसतेच एकमेकांकडे बघत राहिलो. बोलून उपयोग नव्हता ना.

दुसऱ्या शनिवारी खरं काम होतं. काकाही मुद्दाम आले होते. आशयनं ते पोटातलं नाव बदललं, सेटअप लावलं, आणि दोन्ही हात चोळत म्हणाला, "आता विचारेल, सगळं ठेवू का."

पडद्यावर तीन ओळी आल्या. पहिली, फाइली आणि प्रोग्राम ठेवा. ती फिकट करडी! दाबताच येईना. दुसरीही तशीच. उरली फक्त तिसरी... काहीच ठेवू नका.

आणि आशय, जो एरवी प्रत्येक अक्षर वाचायचा, तो बोलण्याच्या भरात होता. त्याचा हात सवयीनं 'पुढे'कडे निघाला.

"थांब! नको दाबू!"

मी त्याचं मनगट घट्ट पकडलं. माझी नखं रुतली असावीत. त्यानं पडद्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. एक टिचकी... आणि माझी सगळी वर्षं गेली असती. प्रत होती खरी. पण त्या क्षणी कुणाला आठवतेय प्रत!

"बाप रे," तो पुटपुटला. "कावेरी... सॉरी. खूप सॉरी." त्याला खरंच काही समजत नव्हतं. तो पुन्हा पुन्हा तपासत होता. "नाव बरोबर आहे. आवृत्ती बरोबर आहे. मग ठेवायला का तयार नाही? भाषा... भाषा तर इंग्रजीच आहे..."

"कुठली इंग्रजी?" मागून काकांनी विचारलं.

आम्ही दोघं वळलो.

"कुठली म्हणजे?" आशय म्हणाला.

"मी घातलं ते ब्रिटिश इंग्रजी," काका छाती पुढे काढून म्हणाले. "तिथे दोन होती. अमेरिकन आणि ब्रिटिश. जन्मभर पोरांना शिकवलं, आता घरात अमेरिकन इंग्रजी आणीन होय?"

आशय काकांकडे बघतच राहिला. मग त्यानं कपाळावर हात मारून घेतला. त्यानं अमेरिकन आणलं होतं. विंडोजला दोन्ही इंग्रज्या वेगळ्या वाटत होत्या, आणि वेगळ्या घरची फाइल ती आत घ्यायला तयार नव्हती!

"उद्या बरोबर फाइल आणतो," तो म्हणाला. मग खाली पाहून एकदम हळू आवाजात, "आणि... हात सोडलास तरी चालेल. नाही सोडलास तरी चालेल."

मी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. मी त्याला 'थांब' म्हणाले होते. 'तू' म्हणाले होते. आणि त्यानं ते ऐकून ठेवलं होतं!

तो निघताना फाटकाशी त्याचा फोन वाजला. मी छत्री द्यायला मागे गेले होते, आणि मराठी ऐकू आली की माझेही कान वळतात.

"हो गं आई. हो, मॅनेजर. हो... पुण्यालाच. पुढच्या महिन्यात."

छत्री माझ्या हातात तशीच राहिली. तो वळला, मला बघितलं आणि फोन बंद केला.

"अभिनंदन," मी म्हटलं. आवाज माझा मलाच परका वाटला.

"कावेरी, मी सांगणार होतो..."

"सरी, ठीक आहे. पाऊस येतोय. छत्री घेऊन जा. परत नाही केली तरी चालेल."

त्या रात्री मी स्वतःवरच चिडले होते. कोण कुठला माणूस! लॅपटॉप दुरुस्त करायला आला, करेल आणि जाईल. पुण्याला आईवडील, वरचा हुद्दा, त्याला कोण सोडतं? वर चढवता येतं, खाली उतरवता येत नाही. गुरुराजअण्णांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण मला तो आवडत होता. फार आवडत होता. आणि हे मला तो जाणार म्हटल्यावर कळावं, याच गोष्टीनं मला हादरवून टाकलं होतं.

रविवारी तो आला. छत्रीसकट. मी अवलक्की पुढे ठेवली आणि एक शब्द बोलले नाही.

या वेळी पहिली ओळ काळीभोर होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तू दाब," म्हणाला. मी दाबलं. मग टक्के चढत राहिले, लॅपटॉप दोन-तीनदा स्वतःहून बंद होऊन चालू झाला, आणि दर वेळी माझा जीव खाली-वर. शेवटी पडदा उजळला. माझ्या कावेरी नदीच्या फोटोसकट. प्रोग्राम होता. मोर होता, वेली होत्या, गंडभेरुंड होता. खालच्या कोपऱ्यात घरगुती आवृत्तीचं साधं नाव, बाकी केसभरही बदल नाही.

"अजून खात्री नाही," मी म्हटलं. "तास व्हायचाय."

रेशमावर चालवायचा माझा धीर होईना. म्हणून मी फ्रेममध्ये जुन्या चादरीचा तुकडा ताणला आणि मोर सुरू केला. मशीन टकटक चालू लागलं. आम्ही दोघं दोन बाजूंना बसून सुईकडे बघत राहिलो. चोच झाली. तुरा झाला. मान झाली. अर्धा पिसारा...

मशीन थांबलं!

मी किंचाळलेच. आशय खुर्चीवरून उडाला. घड्याळात तास नुकताच झाला होता. मी डोळे मिटून घेतले. संपलं. सिद्धी काय म्हणेल, मी काय करू...

"कावेरी," आशयचा आवाज आला. "लॅपटॉप चालू आहे."

मी डोळे उघडले. पडदा लख्ख होता. मी मशीनचं झाकण उघडून आत पाहिलं. बॉबिनचा दोरा संपला होता!

मग आम्ही जे हसायला लागलो... माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते हसण्याचं राहिलं नाही हे मला जरा उशिरा समजलं. त्यालाही समजलं.

"मला माझं बोलू दे आता," तो म्हणाला. "मी पुण्याला जात नाहीये."

मी डोळे पुसून त्याच्याकडे वळले.

"मॅनेजर व्हायचं तर पुण्याला जायचं, असं होतं. सकाळी साहेबांना कळवलं, मला ते पद नको. उलट इथेही टीमची जबाबदारी आहे ती काढा, मला साधा इंजिनिअर करा. मला काम करायला आवडतं गं, लोकांकडून करून घ्यायला नाही. कंपनी तीच, टेबल तेच. फक्त खालचा हुद्दा. साहेबांना धक्का बसला. आई तर फोनवर बोलतच नाहीये."

"वेडा आहेस का?" मी ताडकन उठले. "असं कुणी करतं? आणि उद्या म्हणशील, कावेरीमुळे झालं! मला विचारलंस?"

"तुझ्यामुळे नाही केलं. हे दोन वर्षं मनात होतं. खाली उतरायची वाट आहे हे लोकांना सांगत फिरतो आणि स्वतः मात्र..." तो थांबला. चष्मा काढून पुसायला लागला, जो पुसलेलाच होता. "पण बंगळूर सोडायचं नाही, हे मात्र तुझ्यामुळे. तू नाही म्हणालीस तरी इंजिनिअरच राहीन. मग फक्त... अवलक्की मिळणार नाही."

बाहेर विमान उडालं. खिडक्या थरथरल्या. या वेळी तो दचकला नाही. माझ्याकडे बघत उभा राहिला, आणि माझं काळीज असं धडधडत होतं की विमान कुठलं आणि काळीज कुठलं, मला समजेना.

आवाज विरला. मी खुर्ची ओढून लॅपटॉपसमोर बसले.

"हे परत वरच्या आवृत्तीवर जाऊ शकतं का?" मी विचारलं.

तो गोंधळला. "हो... म्हणजे, दहा दिवस. जुनं सगळं एका फोल्डरमध्ये ठेवलेलं असतं. पसंत नाही पडलं तर परत जाता येतं."

"आणि तुझं?"

"साहेब म्हणाले, आठवडाभर विचार कर. तोवर पुढे कळवत नाही."

"तो फोल्डर पुसला तर?"

"मग परत जायची वाट नाही," तो म्हणाला. "पण पुसायची घाई नसते गं, दहा दिवसांनी आपोआप जातो..."

"कुठून पुसायचा?"

त्यानं दाखवलं. पडद्यावर प्रश्न आला. हे पुसलं तर आधीच्या विंडोजवर परत जाता येणार नाही. नक्की?

मी सबंध वाक्य वाचलं. आणि सवयीनं नाही, समजूनउमजून 'हो' दाबलं.

मला माझाच धक्का बसला होता, खरं सांगायचं तर.

"झालं का गं?" बाहेरून अप्पांनी विचारलं.

"झालं अप्पा!" मी ओरडले. मग त्याचा हात धरला, या वेळी नखं न रुतवता. "तुझे साहेब रविवारी दुसऱ्यांदा फोन उचलतील?"

"उचलतील. का?"

"कर मग. आठवडा नको म्हणून सांग."